पूर्वेला माथेरान, पश्चिमेला मुंबई

"ताई, हात द्या."

असं म्हणून तो खांद्यावरचा रुमाल काढायचा, आपल्या उजव्या हातावर पसरायचा आणि तो झाकलेला हात माझ्या काउंटरवर पुढे करायचा. मी हात देत नसे. तो रुमाल धुतलेला मी कधी पाहिला नव्हता. मग मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी पुढे होऊन रुमालाखाली हात घालायचा, आत बोटं दाबली जायची, आणि त्या माणसाला कळायचं की अमुक कंपनीच्या शेअरला आज साठ रुपये प्रीमियम आहे. तो मान हलवत, कुणाशी काही न बोलता निघून जायचा.

गंमत अशी, की हा साठचा आकडा त्याच वेळी पनवेलमधल्या निम्म्या मोबाइलवर उघडा पडलेला असे. भाजीवाल्याला ठाऊक, शाळेतल्या बाईंना ठाऊक, दाताच्या डॉक्टरांना तर तोंडपाठ. पण मोबाइलवर वाचलेल्या आकड्यापेक्षा रुमालाखाली दाबलेला आकडा लोकांना जास्त खरा वाटायचा. या रुमालवाल्याचा बाप बैलबाजारात दलाली करायचा. शेजारच्याला भाव कळू नये म्हणून तिथे असे रुमालाखाली सौदे होत. तिथे निदान समोर बैल उभा असे.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान तहसील कचेरीच्या समोर आहे. तो रोज सकाळी अकराला येऊन माझ्या बाकावर बसायचा. भाडं नाही, लाज नाही. त्याला सगळे शेठ म्हणत. ही पदवी त्याला कुणी दिली माहीत नाही. बहुधा त्याने स्वतःच घेतली आणि लोकांनी हरकत घेतली नाही. मी तोंडावर 'अहो शेठ' म्हणत असे आणि मनात 'तो'. इथे मनातलंच लिहिते.

ज्यांनी या भानगडीत कधी हात घातलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कंपनी पहिल्यांदा आपले शेअर लोकांना विकायला काढते, त्याला आयपीओ म्हणतात. अर्ज जास्त आले की सोडत निघते. ज्याचा नंबर लागेल त्याला शेअर मिळतात. बाकीच्यांचे पैसे बँकेत अडकवून ठेवलेले असतात ते मोकळे होतात. मग काही दिवसांनी शेअर बाजारात उतरतो, ते लिस्टिंग. या मधल्या दिवसांत, शेअर कुणाच्याच हातात नसताना, फोनवर जो सौदा चालतो तो ग्रे मार्केट. नव्वदचा शेअर कुणी एकशे तीसला मागत असेल तर चाळीस रुपये प्रीमियम. या बाजाराला दुकान नाही, पावती नाही, कायदा नाही आणि तक्रार करायला खिडकीही नाही. असतो तो फक्त शब्द, आणि तो कुणाचा हे विचारायची पद्धत नाही.

एवढं समजायला मला एक दुपार पुरली. त्याच्याभोवती जमणाऱ्या शिकल्यासवरल्या लोकांना ते कधीच समजलं नाही, कारण त्यांना समजून घ्यायचंच नव्हतं. त्यांना आकडा हवा असायचा. एकदा मी त्याला विचारलं, "अहो शेठ, ही कंपनी बनवते काय?"

"प्रीमियम साठ हाय, ताई."

"ते कळलं. पण बनवते काय?"

"तां लिस्टिंगला कलंल."

लिस्टिंगला कळेल. हे त्याचं उत्तर कशालाही चालायचं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं का? लिस्टिंगला कळेल. विमानतळाने आपल्या पनवेलचं भलं होणार का? लिस्टिंगला कळेल. एका वकिलाच्या मुलीला स्थळ आलं, मुलगा परदेशात नोकरीला, तर हा म्हणाला, "पोराला प्रीमियम लय हाय. पण लिस्टिंगला पडंल." लग्न वर्षभरात मोडलं तेव्हा याचा भाव वाढला. बाकी लोक हसले, मला मात्र त्या मुलीचं वाईट वाटलं.

एका पॅन कार्डावर एकच अर्ज चालतो. म्हणून त्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आख्ख्या भावकीची पॅन कार्डं रबर लावून ठेवली होती. चुलते, पुतणे, सुना, साडू, साडूचा भाऊ. कुणाशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, बांधावरून कोर्टात केस चालू होती, पण त्याचंही कार्ड डब्यात होतं. पुतणीच्या मुलाच्या बारशाला हा पॅनचा फॉर्म भरून घेऊन गेला, नावाची जागा तेवढी मोकळी सोडून. आत्याने कानात नाव सांगितलं तसं याने पेन काढलं. हे मला त्यानेच कौतुकाने सांगितलं आणि वर त्या फॉर्मच्या दोन झेरॉक्स मागितल्या.

हा धंदा त्याला नवा नव्हता. आमच्या भागातल्या शेतांच्या आणि मिठागरांच्या जमिनी सरकारने नव्या शहरासाठी घेतल्या, आणि त्या बदल्यात मालकांना साडेबारा टक्के जमीन प्लॉट म्हणून परत द्यायचं ठरलं. प्लॉट मिळायला वर्षं लागायची. तोवर लोकांच्या हातात फक्त फाइल असायची. तर प्लॉट कुठे आहे, कुठल्या रस्त्यावर आहे, रस्ता तरी आहे का, काही ठाऊक नसताना हा गावोगाव हिंडून त्या फायली बिल्डरांसाठी विकत घ्यायचा. त्यांची साठेखतं, म्हणजे विक्रीचे करार, मी टाइप केली. माझं दुकान त्याच्यावर उभं राहिलं, हे नाकारत नाही.

त्या धंद्यात त्याने कधी कुणाला बुडवलं नाही, असं लोक सांगायचे. खरं आहे. पण जमिनीचा भाव दरवर्षी वरच जात होता. ज्याला दिलेला शब्द पाळून फायदाच होतो, त्याला शब्द पाळायला काय लागतं? चढत्या बाजारात कुणीही सत्यवचनी होतो. याला मात्र वाटत राहिलं की हा आपल्या स्वभावाचा गुण आहे.

आता त्या पंचेचाळीसची गोष्ट सांगते.

पाइप बनवणारी कुठलीतरी छोटी कंपनी आयपीओ आणत होती. अशा छोट्या कंपन्यांच्या आयपीओत एकेका अर्जालाच लाखाच्या वर पैसे लागायचे. नव्वदचा शेअर, बाराशे शेअरांचा एक लॉट, म्हणजे एक लाख आठ हजार. एवढे पैसे घालायचे तर माणसाने कंपनीची माहिती वाचावी. ती शेकडो पानांची असते आणि फुकट मिळते. याने माझ्याकडे फक्त पहिल्या पानाच्या झेरॉक्स मागितल्या, वाटायला. मी उरलेली पानं दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचली. कंपनीचा जवळजवळ सगळा माल एकच फर्म विकत घेत होती आणि ती फर्म मालकाच्या मेव्हण्याची होती. मी त्याला ते पान दाखवलं.

तो म्हणाला, "मेव्हना म्हंजे घरातलाच मानूस ना, ताई. चांगलं हाय की."

त्या दिवशी मुंबईहून त्याचा नेहमीचा फोन आला नाही. ज्या पार्टीकडून त्याला आकडा कळायचा, तिला त्याने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. बाकाभोवती आठ-दहा जण ताटकळत होते. दाताचे डॉक्टर पेशंटला खुर्चीत तोंड उघडं ठेवून आले होते. त्याने रुमाल हातावर टाकला, इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्या झेरॉक्स मशीनवर गेली. कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या पंचेचाळीस प्रती मी लावल्या होत्या आणि तो आकडा मशीनवर लाल दिसत होता. त्याने रुमालाखाली डॉक्टरांची बोटं दाबली. डॉक्टर पुटपुटले, "पंचेचाळीस!"

मला हसू आवरेना. मी मशीनमागे तोंड लपवलं.

संध्याकाळी माझ्या मोबाइलवर, कुठल्याशा ग्रुपमधून फिरत फिरत, तोच निरोप आला. प्रीमियम पंचेचाळीस, मागणी जोरात. दुसऱ्या दिवशी तो उड्या मारतच दुकानात आला. म्हणाला, "बगा ताई, मुंबई पन पंचेचालीसच बोलते." त्याने स्वतः सोडलेली पुडी गावभर हिंडून त्याच्याकडे परत आली होती आणि त्याने ती खरी मानली होती. मी तेव्हा सांगायला हवं होतं. पण मला त्याची मजा वाटत होती. मूर्ख माणसाला आणखी मूर्ख होताना बघण्यात एक सुख असतं, ते तुम्हीही कधीतरी घेतलं असेल.

त्या पंचेचाळीसच्या जोरावर त्याने गावोगावच्या आपल्या जुन्या फाइलवाल्यांना अर्ज टाकायला लावले. सौदा असा, की पैसे तुमचे, अर्ज तुमच्या नावाचा. नंबर लागला तर शेअर मी घेणार, मूळ पैसे आणि वर तीस हजार देणार. पुढे तो ते शेअर मुंबईच्या पार्टीला आणखी चढ्या भावाने देणार होता. ग्रे मार्केटमध्ये हे सगळं तोंडी असतं. पण आमच्याकडची माणसं जमिनीच्या कागदांवर पोसलेली. स्टँप पेपर नाही, तर सौदा नाही. म्हणून हा शहाणा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, साठेखत काढा."

"शेअरचं साठेखत?"

"आपला जुना नमुना हाय ना. फकस्त नावं बदला."

जुना नमुना जमिनीचा होता. त्यात मिळकतीच्या चतुःसीमांचा रकाना असतो: पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस. मी विचारलं, "अहो, शेअरच्या चतुःसीमा काय लिहू?" तो फोनवर बोलत होता. हात उडवत म्हणाला, "काय पन लिवा."

मी लिहिलं. पूर्वेस माथेरान, पश्चिमेस मुंबई, दक्षिणेस पेण, उत्तरेस कल्याण. असा शेअर जगात कुणाकडे नसेल, असं म्हणून मी एकटीच हसले आणि सगळ्या कागदांवर तेच ठेवलं. त्याने न वाचता एकामागून एक सह्या ठोकल्या. कागद घेणाऱ्यांनीही वाचले नाहीत. प्रत्येक कागदाला मला टायपिंगचे पैसे मिळाले.

त्यात गव्हाण गावची एक आजी होती. सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं, टाचा अजून भेगाळलेल्या. पूर्वी नवऱ्याने याच शेठला साडेबारा टक्क्यांची फाइल विकली होती आणि पैसे वेळेवर मिळाले होते, एवढीच तिची ओळख. त्या पैशांतून मुलांनी तीन मजली घर बांधलं, खोली न् खोली भाड्याने दिली आणि आईला जिन्याखाली खाट टाकून दिली. तिच्या नावावर नवऱ्याने ठेवलेले सव्वा लाख होते. अर्जावर अंगठा द्यायला आली तेव्हा माझ्या बाकावर बसून म्हणाली, "जिन्याखाली हाय मी, बाय. उद्या यानी जिना पन भाड्यानं दिला तं?"

मी 'असं कसं होईल, आजी' असं काहीतरी म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद मशीनवर ठेवला.

सोडत निघाली. त्याच्या माणसांपैकी अकरा जणांचा नंबर लागला. एवढे नंबर सहज लागतात तेव्हा शहाण्या माणसाने घाबरावं, कारण त्याचा अर्थ मागणी नाही. याने पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

लिस्टिंगच्या सकाळी माझ्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. नव्वदचा शेअर बहात्तरला उघडला. दाताचे डॉक्टर म्हणाले, "ही चूक असेल, दुरुस्त करतील." दुपारपर्यंत तो आणखी खाली गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज विकणारेच विकणारे, घेणारा एकही नाही. मुंबईच्या पार्टीचा फोन बंद झाला. ग्रुपवरचे पंचेचाळीसवाले सगळे एकदम गप्प झाले, आणि डॉक्टरांनी तर 'मी आधीच सांगत होतो' असं सांगायला सुरुवात केली.

आता हा पळणार, अशी माझी खात्री होती. पैज लावली असती. पळायला अडचणही नव्हती. शेजारच्या टेबलवर बसणारे नोटरी वकील तो कागद वाचून पोट धरून हसले. "अरे शेठ, हा कोर्टात टिकतोय कुठे? शेअरच्या चतुःसीमा! न्यायाधीश चहा मागवून वाचतील. तू निवांत राहा."

"पन सही माजी हाय ना?" तो म्हणाला.

"सही आहे, पण..."

"मंग."

त्याने आपली पांढरी गाडी विकली. बायकोच्या बांगड्या गेल्या, आणि गुडघ्याच्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसेही गेले. दहा जणांना कागदाप्रमाणे मूळ रक्कम आणि वरचे तीस हजार दिले. बुडालेल्या शेअरवर नफा वाटणारा माणूस मी तेवढाच पाहिला. हे वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार असेल तर येऊ नये. आकडा त्याने मशीनवर बघून फेकला होता. त्या पैशांत त्याच्या बायकोचं चालणं होतं, आणि त्या माउलीला कुणी विचारलं नाही.

अकरावी आजी. ती पैसे मागायला आली नाही म्हणून त्यानेच तिला निरोप पाठवला. ती आली, पदरातून कागद काढला आणि माझ्या काउंटरवर उलगडून ठेवला. तिच्या नातीने तो वाचून दाखवला होता. पहिली दोन पानं वाचून नात कंटाळली, पण चतुःसीमा तिने नीट वाचल्या होत्या.

तो म्हणाला, "आये, तुजं पैशे तयार हायेत. कागुद दे आनी पैशे ने."

"मना इकाची नाय," आजी म्हणाली.

"काय इकाची नाय?"

"जागा. पैशे माजं गेलं, नंबर माजा लागला, कागुद माज्याकडं हाय. मंग जागा कुनाची? मना जागा दाव."

त्याला काही कळेना. त्याने कागद उचलला आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. पूर्वेस माथेरान. पश्चिमेस मुंबई. वाचून त्याने वर पाहिलं ते सरळ माझ्याकडे. मी मशीनचं झाकण उघडून आत काहीतरी बघत होते. आत बघण्यासारखं काही नव्हतं.

मी म्हणाले, "आजी, ते चतुःसीमांचं जे आहे ना, ते मी..."

त्याने रुमालाचा हात वर करून मला थांबवलं.

"माजीच चूक हाय, आये," तो म्हणाला. "घाईत तुला जागा दावायची रायली. टायपिंगवाल्या ताईंचा काय संबंध? उद्या ये."

दुसऱ्या दिवशी त्याने रिक्षा केली. मलाही म्हणाला, "ताई, तुमी पन चला." मी दुकानाला कुलूप लावलं आणि गेले. नाही म्हणायचं तोंड नव्हतं. गव्हाणच्या अलीकडे, उरणच्या रस्त्याला लागून, एका नाल्याच्या आणि विजेच्या खांबाच्या मध्ये तिकोनी तुकडा पडलेला आहे. दोन खाटा मावतील एवढा. रस्ता आखताना उरलेला, कुणाचाच नसलेला. तिथे रिक्षा थांबवून त्याने हात पसरून दाखवला.

"ही तुजी."

आजीने चप्पल काढली. त्या तुकड्याच्या कडेकडेने ती एकदा चालून आली. मग खाली बसून मूठभर माती उचलली, जिभेला लावली आणि म्हणाली, "खारी नाय. वाल होतील."

परत येताना रिक्षात मी त्याला नाही नाही ते बोलले. तुम्हाला लाज नाही, म्हातारीला फसवता, उद्या कुणी हाकललं तर तिने कुठे जायचं. तो ऐकत होता. मग शांतपणे म्हणाला, "तुमी लिवलं. मी दावलं." कागदाप्रमाणे होणारे पैसे त्याने आजीच्या खात्यात भरले, आणि तिला सांगितलं नाही. जागा विकायची नाही असं ती म्हणत होती. मग हे पैसे कशाचे, हे तिला सांगणार कसं?

त्यानंतर तो एकदाच दुकानात आला. बाकावर बसला नाही. पॅन कार्डांचा डबा काउंटरवर ठेवून म्हणाला, "ज्याची त्याला द्या." मग खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला आणि हात पुढे केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या मळक्या रुमालाखाली हात घातला. आत त्याने एकही बोट दाबलं नाही. नुसता माझा हात धरला आणि सोडला.

"आता पुढे काय, शेठ?" मी विचारलं. लिस्टिंगला कळेल, असं तो म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. तो पायऱ्या उतरून गेला.

कुणी म्हणतं, तो उरणजवळच्या करंजा बंदरावर मासळीच्या लिलावात बोली बोलतो. खरं असेल तर बरं. तिथे माल समोर पडलेला असतो आणि मेलेला आहे हे सगळ्यांना दिसतं. त्याला मी मोठा माणूस म्हणणार नाही. तो मूर्ख होता, खोटारडा होता, आणि त्याच्या रुमालाला वास यायचा. त्याला तुच्छ लेखणं मला फार सोपं गेलं, कारण तो काउंटरच्या पलीकडे होता. अलीकडे कोण उभं होतं, ते मला आजीमुळे दिसलं. माझ्या बाकावर आता दाताचे डॉक्टर बसतात. प्रीमियम सांगतात.

गेल्या थंडीत आजी दुकानात आली. डोक्यावर वालाच्या शेंगांचं गाठोडं. मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावायचे ते दिवस. त्या तिकोनी तुकड्यावर तिने चार पत्रे उभे केलेत, जिन्याखालची खाट तिकडे नेली आहे. तिने पदरातून तोच कागद काढला. घड्यांवर फाटत आला होता.

"याला पलास्टिक लाव, बाय. रस्त्याची मापं घेनारी मानसं आल्ती. तांबडं खुंटं ठोकून गेली. परत आली तं कागुद दावीन."

लॅमिनेशनचं मशीन तापायला पाच मिनिटं लागतात. सांगायला तेवढा वेळ पुरला असता. मी कागद सरळ करत उभी राहिले. ती बाकावर टेकली आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तू लिवलंस तां बरोबर हाय बग. सकाली पत्र्याभायेर आलं, का समोर माथेरान दिसतं."

मशीनचा हिरवा दिवा लागला. मी कागद आत सरकवला. तो दुसऱ्या बाजूने कडक आणि चकचकीत होऊन बाहेर आला. आजीने तो दोन्ही हातांत धरून उजेडात पाहिला.

"किती जालं?"

"काही नाही, आजी."

तिने गाठोडं सोडून काउंटरवर शेंगांचा ढीग ओतला. मी पैसे पुढे केले तर तिने माझा हात बाजूला सारला.

"पोपटीला घे," ती म्हणाली. "माज्या जागेतल्या हायेत."